पळवाटा बुजवल्या तर उद्योग पळतील?

1961चा आयकर कायदा जाऊन 2025चा कायदा आला. कलमं 819 वरून 536 वर आली, भाषा सुटसुटीत झाली. पण मोठ्या कंपन्या नफा कुठे कमावतात आणि कुठे दाखवतात, या प्रश्नाला नव्या कायद्यानं फारसा हात लावलेला नाही. हा प्रश्न कुणी काढलाच तर आपल्याकडे मराठवाड्यात दोनच सूर ऐकू येतात. एक घाबरलेला: पळवाटा बंद केल्या तर भांडवल गुजरातला नाहीतर व्हिएतनामला जाईल, मोठ्या मिनतवारीनं इथं चार कारखाने आलेत, त्यांना दुखवू नका. दुसरा संतापलेला: सगळ्या कंपन्या लुटारू, लावा कर. पहिल्यात हिशेब नाही, दुसऱ्यात भेद नाही. आणि ज्याचं रोज नुकसान होतंय तो छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतला जॉबवर्क (दुसऱ्याच्या ऑर्डरवर काम) करणारा लहान उद्योजक दोघांच्याही बोलण्यात येत नाही. माझं म्हणणं असं की कंपन्यांच्या करातल्या पळवाटा बंद केल्यानं मराठवाड्याची स्पर्धाशक्ती घटणार नाही, वाढेल. कारण आज या पळवाटांची किंमत इथला प्रामाणिक आणि लहान उद्योगच मोजतो आहे.

आधी भेद करू, कारण चर्चा इथेच घसरते. ऑगस्ट 2022 मध्ये जालन्यात आयकर खात्यानं धाडी घातल्या. अधिकारी वऱ्हाडी असल्याचं भासवत लग्नाच्या गाड्यांतून आले, सुमारे 56 कोटींची रोकड सापडली, नोटा मोजायला तास लागले. कराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे तेच चित्र येतं. पण ती करचोरी. ती आजही गुन्हा आहे, तिला नवा कायदा लागत नाही. दुसऱ्या टोकाला जाहीर सवलत असते. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालू आहे. मागास तालुक्यात कारखाना काढा, अमुक गुंतवणूक करा, तमुक परतावा घ्या, असा तो उघड करार आहे. पळवाट या दोन्हींच्या मधली. ती बेकायदा नसते आणि कायदा करणाऱ्याच्या मनातही ती नसते. भारतात कमावलेला नफा परदेशी मूळ कंपनीला रॉयल्टी म्हणून पाठवायचा, आपल्याच गटातल्या कंपनीकडून कर्ज घेऊन त्याचं भरमसाट व्याज खर्चात धरायचं, आपल्याच दोन कंपन्यांमधल्या मालाची किंमत अशी लावायची की नफा कमी कराच्या देशात उमटेल. कारखाना तिथेच, कामगार तेच, माल तोच. फक्त नफ्याचा पत्ता बदलतो.

आता त्याच औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या शेडमध्ये जाऊ. दोन भावांची भागीदारी, चार सीएनसी मशीन, एका मोठ्या वाहन कंपनीच्या व्हेंडरला सुटे भाग पुरवणं. भागीदारी संस्थेला नफ्यावर सरसकट 30 टक्के कर, त्यावर उपकर, म्हणजे 31.2 टक्के. हे भाऊ ज्या साखळीत माल देतात तिच्या वरच्या टोकाला बसलेली कंपनी 2019च्या कंपनी-कर कपातीनंतर अधिभार-उपकरासह 25.17 टक्के भरते. म्हणजे 40 लाख नफ्यावर भावांचे 12 लाख 48 हजार जातात. तेवढ्याच नफ्यावर कंपनीचे 10 लाख 7 हजारांच्या आसपास. ही तुलना पूर्ण नाही, हे मान्य करायला हवं. भागीदारांचा पगार ठरावीक मर्यादेत खर्चात धरता येतो, आणि भागीदाराच्या हाती आलेल्या नफ्यावर पुन्हा कर लागत नाही, कंपनीच्या लाभांशावर मात्र लागतो. पण नफा घरी न नेता धंद्यातच घालायचा, पाचवं मशीन घ्यायचं, असं ठरवलं तर? तिथे कंपनीच पुढे राहते. शिवाय रॉयल्टी, गटांतर्गत कर्ज, परदेशातली उपकंपनी हे सगळे मार्ग त्या भावांना बंदच आहेत. त्यांचा सीए रिटर्न भरतो, मॉरिशसला कंपनी काढत नाही. 2019च्या आधीच्या कितीतरी वर्षांत अर्थसंकल्पासोबत येणाऱ्या करसवलतींच्या विवरणपत्रातून हेच दिसायचं: 500 कोटींहून अधिक नफा असलेल्या कंपन्यांचा प्रत्यक्ष करदर एक कोटीपर्यंत नफा असलेल्या कंपन्यांपेक्षा कमी. मग स्पर्धाशक्ती म्हणायचं ते कुणाच्या?

मराठवाड्याला ही रचना नवी नाही. निजामाच्या राज्यात साधारण 60 टक्के मुलूख दिवाणी होता, म्हणजे महसूल सरकारच्या तिजोरीत. सुमारे दहावा हिस्सा सर्फेखास, निजामाच्या खासगी खर्चाचा, आणि उरलेला जहागिरदारांचा. जहागिरीतला महसूल राज्याच्या तिजोरीत येतच नसे. शाळा, पाटबंधारे, रस्ते यांसाठी राज्याकडे जो पैसा यायचा त्याचा भार दिवाणी गावांवर पडायचा. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1949 मध्ये, जहागिऱ्या रद्द झाल्या. त्यानंतर मराठवाड्यातली शेती बुडाली का? जहागिरदारांचं उत्पन्न गेलं, जमीन कसणारा जागेवरच राहिला. आज पळवाटांच्या बाजूनं बोलणारे नेमकी हीच गल्लत करतात: उत्पन्नावर हक्क सांगणारा आणि उत्पादन करणारा यांना एक धरतात, आणि एकाला धक्का लागला की दुसरा गाव सोडून जाईल अशी भीती घालतात.

त्यांच्या बाजूचा सर्वांत मजबूत दाखला मात्र खरा आहे आणि तो आपल्या राज्यातलाच आहे. 2003 मध्ये केंद्रानं उत्तराखंड आणि हिमाचलमधल्या नव्या कारखान्यांना आयकर आणि उत्पादन शुल्कात घसघशीत सवलत दिली. बद्दी, हरिद्वार, पंतनगर इथे कारखान्यांची रांग लागली. बजाज ऑटोनं 2007 मध्ये पंतनगरला उत्पादन सुरू केलं आणि त्याच वर्षी पुण्याजवळच्या आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं. करामुळे कारखाना हलत नाही, असं म्हणणाऱ्यानं आकुर्डी आठवावी. मी तसं म्हणत नाही.

पण त्याच कंपनीचा 1985 पासूनचा वाळूजचा कारखाना हलला नाही. चार दशकांत वाळूजभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची, डाय-टूल करणाऱ्यांची, आयटीआय झालेल्या कुशल कामगारांची जी वसाहत उभी राहिली ती ट्रकमध्ये भरून पंतनगरला नेता येत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पंतनगर ही जाहीर सवलत होती. ती मिळवायला कारखाना खरोखर तिथं उभा करावा लागला, माणसं कामाला लावावी लागली. पळवाटेला यातलं काही लागत नाही. तिच्यात नफा हलतो, कारखाना जागचा हलत नाही. मग ती बंद केल्यावर कारखान्यानं हलावं तरी का? जो माल वाळूजला बनवणं कालपर्यंत परवडत होतं, तो उद्याही तिथेच बनवणं परवडेल; फक्त त्यावरचा नफा आता इथल्या हिशेबात दिसेल. मालकाला निव्वळ हाती कमी पडेल, हे खरं. पण तेवढ्यासाठी उभा कारखाना, व्हेंडर आणि कामगार सोडून जाणं हे त्याहून कितीतरी महाग.

आता यापेक्षाही अवघड दाखला, जो आपल्याकडे कुणी देत नाही. प्युर्टो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. तिथं नफा कमावणाऱ्या अमेरिकी कंपन्यांना 1976 पासून संघराज्याच्या करातून मोठी सूट होती, औषध कंपन्यांनी तिचा भरपूर फायदा घेतला. 1996 मध्ये अमेरिकी संसदेनं ती सूट काढली, दहा वर्षांची मुदत देऊन. 2006 मध्ये मुदत संपली, त्याच सुमारास बेट मंदीत गेलं, आणि 2017 मध्ये तिथल्या सरकारला दिवाळखोरीच्या मार्गानं जावं लागलं. त्या घसरणीला कर्ज, लोकांचं स्थलांतर अशी इतरही कारणं होती. तरी सूट गेल्याचा फटका बसला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग मराठवाड्याचं असंच होणार नाही कशावरून? मला वाटतं, मागास भागासाठी यातून निघणारा धडा घाबरवणाऱ्यांच्या सांगण्याच्या उलट आहे. कराच्या सुटीवर उभा केलेला उद्योग सूट असेपर्यंतच टिकतो. तो आला म्हणून खुश होऊन पाणी, वीज, रस्ते, शिक्षण यांत पैसा घातला नाही, तर सूट संपल्यावर हाती काहीच उरत नाही.

हिंगोलीकडे पाहा. 1999 मध्ये जिल्हा झाला. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत त्याला 'विनाउद्योग जिल्हा' म्हणून सर्वांत जास्त सवलतीच्या वर्गात ठेवलं. कागदावर हिंगोलीएवढं स्वस्त ठिकाण राज्यात क्वचितच असेल. तरी कारखाने संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला येतात, हिंगोलीला येत नाहीत. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या शहराला प्यायला पाणी रेल्वेनं आणावं लागतं तिथं कारखाना टाकायचा विचार करणारा माणूस करदर आधी विचारील की पाणी? ते पाणी, तो रस्ता, ते विजेचं उपकेंद्र ज्या पैशातून व्हायचं, तोच पैसा पळवाटेतून बाहेर जातो. घाबरलेल्या सुराच्या हिशेबात ही बाजू कधीच मांडलेली नसते.

'शेंद्र्याजवळच्या बिडकीनला तर आत्ता कुठे गुंतवणूक येतेय' असंही ऐकवलं जातं. येतेय, आणि त्याचा आनंद मलाही आहे. पण तिची वेळ बघा. नव्या उत्पादक कंपन्यांसाठीचा 15 टक्क्यांचा खास दर मिळवायला 31 मार्च 2024 पर्यंत उत्पादन सुरू होणं गरजेचं होतं. ती मुदत वाढली नाही. त्यानंतरच्या जूनमध्ये विजेवरच्या स्कूटर बनवणाऱ्या एथरनं बिडकीनसाठी सुमारे 2 हजार कोटींचा प्रकल्प जाहीर केला आणि जुलैअखेर टोयोटा-किर्लोस्करनं ऑरिक या शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक नगरीसाठी सुमारे 20 हजार कोटींचा सामंजस्य करार केला. केंद्राची खास दराची खिडकी बंद झाल्यावर हे घडलं. राज्याच्या सवलती त्यांना आहेत, त्या लपवण्याचं कारण नाही. पण तयार भूखंड, पाणी, वीज आणि वाळूज-शेंद्र्यातले जुने व्हेंडर नसते तर नुसत्या सवलतीवर हे प्रकल्प आले असते का? सवलतीच्या जोरावर 2022 मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिप बनवण्याचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून आपण महिनाभर भांडलो. दहा महिन्यांत, जुलै 2023 मध्ये, फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली.

पळवाट बंद केल्यावर काय होतं, हे आपण देश म्हणून एकदा पाहिलंही आहे. मॉरिशसशी 1982 मध्ये झालेल्या कर-करारामुळे त्या देशामार्गे आलेल्या गुंतवणुकीला भारतातल्या शेअरविक्रीच्या नफ्यावर इथं कर नव्हता आणि तिथंही जवळपास नव्हता. 2000 नंतर भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा या इवल्या बेटाच्या नावावर जमा झाला. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हा मार्ग वैध ठरवला. करार बदलायचं म्हटलं की 'परकीय गुंतवणूक आटेल' हे उत्तर ठरलेलं. शेवटी मे 2016 मध्ये करार बदलला, एप्रिल 2017 नंतर घेतलेल्या शेअरवर कर सुरू झाला, त्याच महिन्यात करटाळणीविरोधी सर्वसाधारण नियमही लागू झाले. गुंतवणूक आटली का? 2021-22 मध्ये ती 84 अब्ज डॉलरच्या पुढे, तोवरच्या विक्रमावर गेली. ती पळवाट बंद केल्यामुळे वाढली, असा दावा मी करणार नाही. पण ती बंद केल्यामुळे बुडेल, हा दावा तरी खोटा ठरला.

आयर्लंडचा दाखला आणखी बोलका आहे. कमी कराचा देश म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, आणि दर कमी आहेच. पण दरापेक्षा मोठी गोष्ट होती ती 'डबल आयरिश' नावाची, नफा दोन आयरिश कंपन्यांतून फिरवून करमुक्त देशात नेण्याची पळवाट. आयर्लंडनं 2015 पासून ती नव्या कंपन्यांना बंद केली आणि 2020 अखेर सगळ्यांना. त्या देशाचं कंपनी-कराचं उत्पन्न 2014 मध्ये 5 अब्ज युरोच्या आत होतं, 2023 मध्ये ते 23 अब्जांच्या वर गेलं. कंपन्या राहिल्या, कारण इंग्रजी जाणणारे कुशल लोक आणि युरोपची बाजारपेठ तिथेच होती. यातून माझं मतही नेमकं होतं: दर माफक ठेवा, सगळ्यांना सारखा ठेवा, आणि त्यातली भोकं बुजवा. दर वाढवा असं मी म्हणत नाही. अमेरिकेनंही 1986 मध्ये कंपन्यांचा दर 46 वरून 34 टक्क्यांवर आणताना त्याबरोबर आडवाटा काढून टाकल्या होत्या. आपल्याकडे 1991 नंतर राजा चेलय्या समितीनं आणि 2002 मध्ये केळकर समितीनं हीच दिशा सांगितली.

'पैसा कंपनीकडे राहिला तर ती तो गुंतवेल, सरकारकडे गेला तर वाया जाईल' हा युक्तिवाद वरवर पटतो. सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी-कर कमी झाला तेव्हा वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडताना सरकारनं हेच सांगितलं. पुढे काय झालं, ते सरकारच्याच 2023-24च्या आर्थिक पाहणी अहवालात आहे: 33 हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा 2019-20 ते 2022-23 या काळात जवळपास चौपट झाला, भरती आणि पगारवाढ मात्र त्याच्या जवळपासही गेली नाही. 2019-20 हे मंद वर्ष होतं हे धरलं, मध्ये साथ येऊन गेली हे धरलं, तरी चित्र बदलत नाही. दुसरीकडे 2018-19 मध्ये कंपन्यांचा कर 6.63 लाख कोटी आणि व्यक्तींचा आयकर 4.73 लाख कोटी होता. 2023-24 मध्ये कंपन्यांचा 9.11 आणि व्यक्तींचा 10.45 लाख कोटी झाला. व्यक्तींच्या त्या आकड्यात शिक्षक आहे, बँकेतला कारकून आहे आणि ज्यांची नावं कंपनी म्हणून नोंदलेली नाहीत असे लहान उद्योजकही आहेत.

विरोधकांचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि तो खात्याच्या वागण्याचा आहे. पळवाट बंद करण्याच्या नावाखाली मागल्या तारखेनं कर लावणं चूक आहे. जानेवारी 2012 मध्ये व्होडाफोननं सर्वोच्च न्यायालयात कराचा खटला जिंकला, आणि सरकारनं त्याच वर्षी कायदा मागल्या तारखेपासून बदलला. नऊ वर्षं बदनामी झाली, 2021 मध्ये ती तरतूद मागे घ्यावी लागली. उद्योगाला जास्त कर सोसतो, अनिश्चितता सोसत नाही. मराठवाड्यानं याचा अनुभव साखरेत घेतला आहे. सहकारी साखर कारखान्यांनी उसाला ठरलेल्या किमान दरापेक्षा जास्त भाव दिला की आयकर खातं म्हणायचं, हा खर्च नाही, हा नफ्याचा वाटा आहे, यावर कर भरा. शेतकऱ्याच्या खात्यात गेलेल्या पैशावर कारखान्याला नोटिसा, वर्षानुवर्षं. 2015 मध्ये कायदा पुढच्या काळापुरता दुरुस्त झाला, आणि जुन्या वर्षांचा निकाल 2023च्या अर्थसंकल्पात लागला. त्यातून कारखान्यांना जवळपास 10 हजार कोटींचा दिलासा मिळेल असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. मॉरिशसचा मार्ग खुला होता त्याच काळात उसाच्या वाढीव भावामागे खातं लागलं होतं, हे मला आजही खटकतं. पण यातून निघतं काय? पळवाटा राहू द्या, हे नाही निघत. ज्यांना पळवाट परवडत नाही त्यांच्यावर खात्याचा सगळा जोर पडतो, हे निघतं.

पळवाट बंद केल्यानं लहान उद्योगाचं भलं होऊ शकतं, याचं ताजं उदाहरण आपल्या दारात आहे. मोठा खरेदीदार माल घ्यायचा, बिल खर्चात दाखवून करात वजावट घ्यायचा, आणि पैसे चार-सहा महिन्यांनी द्यायचा. लहान उद्योजक तोवर बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर व्याज भरायचा. लघुउद्योगांसाठीच्या 2006च्या कायद्यात बिल देण्याला 45 दिवसांची मर्यादा होती, पण मोठ्या पार्टीवर दावा लावून पुढची ऑर्डर कोण घालवणार? 2023च्या वित्त कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं वेळेत दिली नाहीत तर त्या वर्षी वजावटच मिळणार नाही असं ठरवलं. लगेच ओरड झाली: मोठ्या कंपन्या ऑर्डर दुसरीकडे नेतील. काहींनी नेल्याही, आणि काही लहान उद्योजकांनी धास्तीनं लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी 'उद्यम' नोंदणीच काढून टाकायचा विचार केला. नियमातही उणीव आहे; मध्यम उद्योगांना तो लागू नाही, त्यामुळे त्यांच्याकडे सरकायला वाव राहतो. ती उणीव भरून काढावी. पण मार्च जवळ आला की थकलेली बिलं निघतात हा बदल ज्यानं वर्षानुवर्षं पैशांसाठी फोन केलेत त्याला विचारा.

जग आपल्या बरोबर चाललेलं नाही, हेही खरं. 2021 मध्ये 136 देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान 15 टक्के कराला मान्यता दिली; 2025 मध्ये अमेरिकेनं अंग काढलं आणि जी-7 देशांनी तिच्या कंपन्यांना वेगळी वाट करून दिली. पण भारतात विकलेल्या मालाचा नफा भारतात मोजायला अमेरिकेची परवानगी लागत नाही. गटातल्या परदेशी कंपनीच्या कर्जावरच्या व्याजाला 2017 पासून मर्यादा आहे. 2009 मध्ये रॉयल्टीवरची मर्यादा उठवली, तिचा विचार तसाच पुन्हा करता येईल. भागीदारी संस्थांचा दर कंपन्यांच्या दराजवळ आणता येईल, आणि त्यासाठी लागणारा पैसा पळवाटा बंद केल्यानं येईल. बदल पुढच्या तारखेपासून करा, दोन वर्षांची मुदत द्या. राज्यापुरतं बोलायचं तर शेंद्रा-बिडकीनच्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाशी झालेला प्रोत्साहनाचा करार, दर वर्षी दिलेली रक्कम, ठरलेल्या आणि प्रत्यक्ष दिलेल्या नोकऱ्या, स्थानिक लघुउद्योगांकडून केलेली खरेदी आणि त्यांची थकलेली बिलं, ही सगळी माहिती उद्योग विभागानं कंपनीनिहाय जाहीर करावी. आणि ज्या कंपनीचा परदेशी गटाशी व्यवहार आहे तिनं प्रोत्साहनाचा हप्ता घेण्याआधी रॉयल्टी आणि गटांतर्गत व्याजापोटी त्या वर्षी किती पैसा बाहेर पाठवला, तेही त्याच कागदावर लिहून द्यावं.